सामर्थ्य आणि जबाबदारी : चित्रकथेतील अतिमानव आणि खेळातील अतिमानव

कोणतेही नवे कथामाध्यम जन्मास आले की त्याच्या वाट्यास प्रथम समीक्षा येत नाही, खटला येतो. अमेरिकेतील चित्रपटाचा इतिहास याची साक्ष देईल. १९१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ व्यवसाय असून त्यास विचारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही असा निर्णय दिला. तो फिरविला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी पाळी आली ती चित्रकथांची. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने त्यांच्यावर मुलांना बिघडविल्याचा आरोप ठेवला, सिनेटच्या उपसमितीने जाहीर चौकशी केली, आणि प्रकाशकांनी भयापोटी स्वतःच स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. व्हिडिओ खेळांची अशीच चौकशी १९९३ साली झाली. आणि अखेर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुस्तके, नाटके व चित्रपट यांच्या पंक्तीस खेळांनाही बसविले.

न्यायालयाने पान मांडले, ते योग्यच झाले. परंतु पानात काय वाढले आहे हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे. ते समीक्षेचे काम आहे. खेळ निर्दोष आहे किंवा सदोष आहे एवढे म्हटल्याने तो कला म्हणून काय साधतो हे कळत नाही. कथा सांगण्याच्या इतर रीतींना जे जमत नाही असे काही या माध्यमास जमते काय, आणि जमत असेल तर त्याची किंमत ते कशाने मोजते, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यास अतिमानवाची, म्हणजे ज्याला आज सर्वत्र सुपरहीरो म्हणतात त्या नायकाची, कथा फार सोयीची आहे. कारण एकच नायक गेल्या शतकातील बहुतेक सर्व माध्यमांतून फिरून आलेला आहे. व्यक्ती तीच, माध्यम तेवढे निराळे, अशी तुलनेस इतकी अनुकूल सामग्री साहित्याच्या इतिहासात क्वचितच मिळते.

माध्यम बदलले की नायकही बदलतो, ही गोष्ट या परंपरेच्या आरंभीच दिसून येते. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघा तरुणांचा सुपरमॅन १९३८ साली चित्रकथेतून अवतरला तेव्हा तो उडत नव्हता. लांब लांब उड्या मारीत होता. त्याचे उडणे रूढ केले ते १९४० मध्ये सुरू झालेल्या रेडिओमालिकेने आणि १९४१ पासून निघालेल्या फ्लायशर बंधूंच्या चलच्चित्रांनी. त्याला निर्बल करणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थदेखील १९४३ साली रेडिओवरच प्रथम ऐकू आला आणि मागाहून चित्रकथेत शिरला. यावरून असे दिसते की, माध्यम हे कथेचे केवळ भांडे नव्हे. पाणी भांड्याचा आकार घेते, पण त्याची चव बदलत नाही. येथे मात्र चवही बदलते.

खेळाने सुपरमॅनला हाती घेतले तेव्हा एक निराळीच अडचण उभी राहिली. खेळ म्हटला की हरण्याची शक्यता आली, आणि जो मुळात अजिंक्य आहे त्याला हरवावयाचे कसे? १९७९ साली अटारी यंत्रासाठी जॉन डन यांनी केलेल्या खेळात यावर एक सुबुद्ध तोड काढलेली आहे. त्यात सुपरमॅन मरत नाही. क्रिप्टोनाइटचा स्पर्श झाला की त्याची शक्ती जाते आणि लोइस लेनची भेट झाली की ती परत येते. मोडलेला पूल जोडणे आणि गुन्हेगारांना तुरुंगात पोहोचविणे या कामांस किती वेळ लागला, एवढेच मोजावयाचे. २००६ सालच्या एका खेळाने याच प्रश्नाचे दुसरे उत्तर दिले. तेथे प्राणशक्तीची पट्टी नायकाची नाही, नगराची आहे. नायक अक्षत राहतो, पण नगर उद्ध्वस्त झाले की खेळ संपतो. नायकाचे मरण म्हणजे त्याच्या आश्रितांचे मरण, हा विचार काव्यदृष्ट्या थोर आहे. हे खेळ फार मोठे होते असे नाही. परंतु माध्यमाच्या अडचणीतूनच अर्थ कसा निपजतो याचे ते चांगले नमुने आहेत.

तथापि आपल्या प्रश्नाचे मर्म सुपरमॅनमध्ये नाही, स्पायडर-मॅनमध्ये आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची ही निर्मिती १९६२ साली एका बंद पडू घातलेल्या मासिकाच्या शेवटच्या अंकात आली. कथा अवघी अकरा पृष्ठांची. पीटर पार्कर नावाच्या शाळकरी पोराला कोळ्याच्या दंशाने अद्भुत शक्ती लाभते. तो तिचा उपयोग पैसा व प्रसिद्धी मिळविण्याकडे करतो. एके दिवशी समोरून पळणाऱ्या चोराला अडविणे सहज शक्य असता ‘मला काय त्याचे’ म्हणून जाऊ देतो. आणि पुढे त्याच चोराच्या हातून त्याचे पितृतुल्य काका मारले जातात. सामर्थ्य आणि जबाबदारी यांची सांगड घालणारे या कथेच्या शेवटच्या चौकटीतील वाक्य आज म्हणीसारखे झाले आहे. परंतु लक्षात घ्यावयाचे ते हे की, या नायकाचा जन्म कोळ्याच्या दंशातून झालेला नाही. तो एका न केलेल्या कृतीतून झालेला आहे. प्राचीन वीरकथांत नायक काहीतरी करून नायक होतो. येथे काही न केल्यामुळे तो नायक होतो, आणि त्या एका उपेक्षेचे ऋण तो जन्मभर फेडीत राहतो.

ही घटना चित्रकथेने कशी सांगितली आहे? काकांचा मृत्यू तीत दाखविलेलाच नाही. पीटर घरी परततो, दाराशी पोलीस उभा असतो, आणि तो बातमी सांगतो. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत तो मृत्यू घडून गेलेला असतो, आणि त्या जागेत काय झाले ते वाचकाने आपल्या मनात पाहावयाचे असते. चित्रकथेचे सामर्थ्य चित्रात जेवढे आहे तेवढेच या कोऱ्या जागेत आहे. १९७३ साली याच मालिकेच्या १२१ व्या अंकात जेरी कॉनवे या लेखकाने आणि गिल केन या चित्रकाराने या सामर्थ्याची परिसीमा गाठली. पुलावरून खाली फेकल्या गेलेल्या ग्वेन स्टेसी या आपल्या प्रियतमेस नायक धाग्याने झेलतो. झेलतो त्या क्षणी तिच्या मानेपाशी एक लहानसे ध्वनिदर्शक अक्षर उमटलेले दिसते. बस्स, एवढेच. वाचकाला ते प्रथम दिसेलच असेही नाही. पण एकदा दिसले की, वाचविणारा धागाच मारणारा ठरला काय, हा विचार त्याची पाठ सोडीत नाही. सामर्थ्याचा उपयोग न केल्याने काका गेले, आणि केल्याने प्रिया गेली. शोकात्म जाणिवेची अशी खोली बाजारी मानल्या गेलेल्या वाङ्मयप्रकारात आढळावी हे आश्चर्य खरे, पण ते सत्य आहे.

चित्रपटास ही कोरी जागा परवडत नाही. सॅम रेमी यांच्या २००२ सालच्या चित्रपटात काका रस्त्यावर, पीटरच्या डोळ्यांसमोर प्राण सोडतात. तेथे बातमी नाही, प्रत्यक्ष दर्शन आहे. आणि त्या दर्शनात नटाचा चेहरा, आवाज, श्वास या सर्वांचा भाग आहे. चित्रपटाने या नायकास दुसरीही एक गोष्ट दिली, ती म्हणजे वजन. चित्रकथेतील स्पायडर-मॅन अधांतरी गोठलेला असतो. पडद्यावर तो खाली येतो, धाग्याला ताण बसतो, देह कमानीसारखा वर फेकला जातो. परंतु प्रेक्षक हे सारे पाहतो तो खुर्चीत बसून. त्याचे तादात्म्य डोळ्यांचे आणि मनाचे असते. हात रिकामे असतात.

हातांना काम मिळाले ते खेळात. स्पायडर-मॅनचा पहिला व्हिडिओ खेळ १९८२ साली पार्कर ब्रदर्स या संस्थेने अटारी यंत्रासाठी काढला; लॉरा निकोलिक यांनी त्याची रचना केली होती. एक उंच इमारत, तिच्यावर धाग्याच्या आधाराने चढणारी एक ठिपक्यांची आकृती, आणि मर्यादित धागा. धागा इमारतीवर बसला तर ठीक. रिकाम्या जागी पडला तर नायक कोसळतो. कोसळता कोसळता दुसरा धागा मारून सावरता आले तर वाचतो. इतक्या ओबडधोबड चित्रातही एक गोष्ट अगदी खरी होती : पडण्याचे भय खेळणाऱ्याच्या बोटांत उतरले होते. १९८४ साली स्कॉट ॲडम्स यांनी याच नायकावर संगणकासाठी जो खेळ रचला त्यात खेळणाऱ्याने एकदोन शब्दांच्या आज्ञा टंकून कथा पुढे न्यावयाची होती. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याची नोंद घेतली पाहिजे; कारण त्यात वाचक क्रियापदे पुरविणारा झाला.

२००० साली निघालेल्या नेव्हरसॉफ्टच्या खेळात नगर त्रिमितीत आले. यंत्राची शक्ती मात्र तोकडी होती. रस्ते रंगविणे तिला झेपेना. म्हणून कथेतच युक्ती काढली की, खाली विषारी धुके पसरले आहे आणि त्यात पडणारा वाचत नाही. धागे तेव्हा आकाशालाच चिकटल्यासारखे दिसत. २००४ साली ट्रेआर्क संस्थेच्या खेळात ही उणीव दूर झाली : धागा खऱ्याखुऱ्या इमारतीस चिकटू लागला, आणि जेथे इमारत नाही तेथे झोका नाही असा नियम आला. या एका नियमाने न्यूयॉर्क शहर पार्श्वभूमी न राहता वाद्य झाले. या नायकास उंच इमारतींचे नगर का लागते हे कथा वाचून जितके कळते त्याहून अधिक या खेळातील मोकळ्या उद्यानावरून जाताना कळते. कारण तेथे धाग्याला आधार नाही आणि चालावे लागते. २००४ मध्येच निघालेल्या भारतीय चित्रकथेत पवित्र प्रभाकर हा या नायकाचा अवतार मुंबईत आणला गेला, तेव्हाही नगर निवडताना दाटीचे आणि उंचीचे नगर निवडावे लागले, हा योगायोग नव्हे.

आता प्रस्तुत विवेचनाचा मुख्य आधार असलेल्या खेळाकडे वळू. इन्सोम्निॲक या संस्थेचा ‘स्पायडर-मॅन’ सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या ३३ लाख प्रती खपल्या. कळ दाबून धरली की धागा सुटतो, देह झोका घेतो. झोक्याच्या तळाशी कळ सोडली तर वेग मिळतो, वर चढल्यावर सोडली तर उंची मिळते. प्रथम हे सारे विचार करून करावे लागते. एक-दोन तासांनी विचार मागे पडतो आणि हातच विचार करू लागतात. या अवस्थेचे वर्णन करण्यास आपल्या साहित्यशास्त्रात एक उत्तम शब्द तयार आहे. न. चिं. केळकर यांनी वाङ्मयाच्या आनंदाची मीमांसा करताना ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली : स्वतःचे भान न सोडता परक्या भूमिकेत शिरण्याचे सुख. खेळणारा ‘तो पडला’ असे म्हणत नाही, ‘मी पडलो’ असे म्हणतो. आणि तरीही आपण बैठकीच्या खोलीत आहोत हे तो विसरलेला नसतो. केळकरांची कल्पना खेळास लावून पाहिली तर ती अधिकच स्पष्ट होते, कारण येथे समाधी बोटांपर्यंत पोहोचलेली असते.

एवढे श्रेय मोकळ्या मनाने दिल्यानंतर आक्षेप मांडावयास हरकत नाही. १९८२ च्या खेळात पडणे म्हणजे मरण होते, २००० च्या खेळात पडणे म्हणजे विष होते. २०१८ च्या खेळात कितीही उंचावरून पडले तरी नायकास इजा होत नाही. शत्रूस गच्चीवरून ढकलले तर खेळ त्याला आपण होऊन धाग्याने भिंतीस चिकटवून टाकतो. म्हणजे खेळणाऱ्याने मनात आणले तरी त्याच्या हातून हत्या घडू शकत नाही. नायकाच्या शीलाशी हे सुसंगत आहे हे मान्य. परंतु ज्याला पाप करताच येत नाही त्याच्या पुण्यास काय अर्थ उरतो?

प्रश्न याहूनही खोल आहे. नगरातून जाताना पोलिसांच्या यंत्रणेवरून वारंवार सूचना येतात : अमुक ठिकाणी दरोडा, तमुक ठिकाणी मारामारी. खेळणाऱ्याने तिकडे जावे किंवा न जावे. गेला तर त्यास बिल्ले मिळतात आणि त्या बिल्ल्यांच्या मोबदल्यात नवे पोशाख व नवी साधने घेता येतात. न गेला तर? काहीही होत नाही. सूचना विरून जाते, नगर पूर्ववत् चालू राहते. आता १९६२ ची कथा आठवावी. समोरून जाणाऱ्या चोराला जाऊ देणे, हीच तर ती कृती होती जिच्यातून हा नायक जन्मास आला! ती कृती करण्याची मोकळीक इतर कोणत्याही माध्यमाने आपल्या रसिकास दिली नव्हती. खेळाने ती दिली, आणि देताना तिच्यातील सारा अर्थ काढून घेतला. शिवाय जी कृत्ये केली जातात त्यांनाही फळाची लालूच जोडून दिली. निष्काम कर्माचा विचार ज्या देशात शतकानुशतके झाला तेथील वाचकास निराळे सांगावयास नको की, बिल्ल्यांसाठी केलेले परोपकार हे जबाबदारीचे शिक्षण नव्हे, तो हिशेब होय.

याउलट कथेच्या अखेरीस जो प्रसंग येतो तो पाहावा. नगरात साथ पसरली आहे. पीटरची मे काकू मरणाच्या दारी आहे. औषधाची एकच मात्रा हाती आहे. ती काकूस द्यावी तर हजारोंसाठी औषध करण्यास नमुना उरत नाही. पीटर ती राखून ठेवतो आणि काकू मरते. प्रसंग हृदयद्रावक आहे, नटांचे काम उत्कृष्ट आहे. परंतु या वेळी खेळणाऱ्याच्या हातात काहीही नाही. कळा मुक्या झालेल्या आहेत. आपण चित्रपट पाहत आहोत. सारांश, या खेळात जेथे निवड आहे तेथे परिणाम नाही, आणि जेथे परिणाम आहे तेथे निवड नाही. सामर्थ्य खेळणाऱ्याच्या हाती दिलेले आहे. जबाबदारी मात्र ग्रंथकर्त्याने स्वतःकडे ठेवलेली आहे.

यावर दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की, शोकात्म नाटकाच्या प्रेक्षकासही निवड नसते, म्हणून काही त्याचा अनुभव उणा ठरत नाही. आपल्या कोकणातील दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते ऐन वेळी रचतात, तरी आख्यानाचा शेवट ठरलेला असतो. रामनगरच्या रामलीलेत प्रेक्षक एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी कथेबरोबर चालत जातो, पण वनवास टळत नाही. मार्ग मोकळा आणि शेवट बांधलेला, ही आख्यानाची जुनीच रीत आहे. या उत्तरात तथ्य आहे. किंबहुना असेही म्हणता येईल की, वीस-पंचवीस तास ज्या हातांनी नगर वाचविले ते हात काकूच्या खाटेपाशी अकस्मात निकामी व्हावेत, यातच एक करुण परिणाम आहे, आणि तो चित्रपटास साधणार नाही. कारण चित्रपटात हात कधी कामाला लागलेलेच नव्हते.

दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे. प्रत्येक खऱ्या निवडीगणिक कथेस फाटा फुटतो, प्रत्येक फाट्यासाठी निराळे प्रसंग, निराळा अभिनय, निराळा खर्च. आणि त्यांतील निम्मा भाग बहुतेक खेळणारे कधीच पाहणार नाहीत. म्हणून जे मोठ्या भांडवलावर चालते ते एकाच वाटेने चालते. हेही खरे. पण हे अशक्य नाही याचा पुरावा याच परंपरेत आहे. टेलटेल या संस्थेने २०१६ आणि २०१७ मध्ये बॅटमॅनवर जे दोन भागशः खेळ काढले त्यांत खेळणाऱ्याच्या वागण्यावरून पुढील कथा वळते. दुसऱ्या मालिकेत तर भावी जोकर नायकाचा सोबती म्हणून उभा राहतो की वैरी म्हणून, हे त्याला आपण कसे वागविले यावर अवलंबून ठेवले आहे. तेथे जबाबदारी आहे. मात्र तेथे हातांची ती समाधी नाही. बराच काळ आपण संभाषण ऐकतो आणि मधूनमधून उत्तर निवडतो. एका खेळाजवळ देह आहे, दुसऱ्याजवळ सदसद्विवेक.

हे दोन्ही एका ठिकाणी यावेत ही अपेक्षा अवास्तव आहे काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. चित्रकथेस आपल्या कोऱ्या जागेचे सामर्थ्य पुरते ओळखून ग्वेन स्टेसीचा मृत्यू रचण्यास, सुपरमॅनच्या जन्मापासून मोजले तरी, पस्तीस वर्षे लागली. अतिमानवाच्या खेळांना आरंभ होऊन पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली असली तरी त्यांतील बराच काळ यंत्राच्या उणिवा भरून काढण्यात गेला. रस्ते रंगविता येत नव्हते म्हणून धुके पसरावे लागले; आज रस्ते आहेत, त्यांवर माणसे आहेत, त्यांच्या हाकाही ऐकू येतात. उणीव आता यंत्राची राहिलेली नाही. ज्या हाकेकडे खेळणारा पाठ फिरवितो ती हाक केव्हा तरी, कोठे तरी, एखाद्या ओळखीच्या दाराशी परत यावी, एवढेच मागणे आहे. १९६२ साली अकरा पृष्ठांत ते साधले होते. हातांना झोका शिकविणाऱ्या माध्यमाने हातांना पश्चात्तापही शिकवावा, ही मागणी त्याच्यावरील अविश्वासातून नव्हे, त्याच्या सामर्थ्याच्या ओळखीतूनच निघते. आणि ती करण्याचे काम न्यायालयाचे नाही, समीक्षेचे आहे.